पहिल्यांदाच गोल्डन गेट पूल बघायला आणि टिपायला जाताना

सासूबाईंचा सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलासमोर काढलेला पहिला फोटो आमच्याकडे अजून आहे. फोटोत सासूबाई आहेत, त्यांच्या कानांभोवती माझी ओढणी गुंडाळलेली आहे आणि मागे सगळं पांढरंफटक. पूल त्या पांढऱ्यात कुठेतरी होता. जुलै महिना, सकाळचे साडेआठ, आम्ही सगळे सुती कपड्यांत. "अगं, पण पूल कुठाय?" असं त्यांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी हाताने धुक्याकडे बोट दाखवलं.

पुढे नोकरीमुळे याच भागात राहायला आलो आणि दर उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना पूल दाखवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. इतक्या फेऱ्यांनंतर एक गोष्ट पक्की कळली. लोक "कुठून बघायचा?" असं विचारतात, आधी विचारायला हवं "कधी बघायचा?" महिना, तास आणि सूर्याची बाजू ठरली की जागा आपसूक ठरते. आणि सगळ्यात साधी, तरी हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पुलावर उभं राहिलं की पूल दिसत नाही. त्यासाठी पुलापासून लांब जावं लागतं.

१. जाण्याआधी एवढी ओळख करून घ्या

पूल सोनेरी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्याकडच्या दोन पाहुण्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला आहे. "गोल्डन गेट" हे नाव मुळात खालच्या सामुद्रधुनीचं. १८४६ मध्ये जॉन फ्रेमाँट या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने ते दिलं, म्हणजे कॅलिफोर्नियात सोनं सापडून झुंबड उडायच्याही आधी. पुलाच्या रंगाचं नाव "इंटरनॅशनल ऑरेंज", आपण त्याला विटकरी-शेंदरी म्हणू. पोलाद गंजू नये म्हणून लावलेल्या तांबूस अस्तराच्या रंगावरून वास्तुरचनाकार अर्व्हिंग मॉरो यांना तो सुचला, असं सांगतात. नौदलाला जहाजांना दिसावेत म्हणून काळे-पिवळे पट्टे हवे होते. तसं झालं असतं तर फोटो काढायला कोण आलं असतं, देव जाणे.

बांधकाम जानेवारी १९३३ मध्ये सुरू झालं. २७ मे १९३७ ला पूल आधी पायी चालणाऱ्यांसाठी उघडला, दुसऱ्या दिवशी गाड्यांसाठी. मुख्य अभियंता म्हणून जोसेफ स्ट्रॉस यांचं नाव सगळीकडे दिसेल, त्यांचा पुतळाही दक्षिण टोकाला आहे. पण आकडेमोडीचा मोठा भार चार्ल्स एलिस यांनी उचलला होता आणि त्यांना श्रेय मिळायला अनेक दशकं गेली. दोन मनोऱ्यांमधलं अंतर १,२८० मीटर. १९६४ पर्यंत जगात एवढा लांब गाळा दुसऱ्या कुठल्याच झुलत्या पुलाला नव्हता. मनोरे पाण्यापासून २२७ मीटर उंच, आणि रस्ता पाण्यापासून साधारण ६७ मीटरवर. हे आकडे फोटोसाठीही कामाचे आहेत. पूल एवढा मोठा आहे की जवळून तो फ्रेममध्ये मावत नाही आणि लांबून माणूस त्यापुढे मुंगीएवढा दिसतो. दोन्ही एकाच फोटोत नीट बसवायचा हट्ट धरलात की दोन्ही बिघडतात.

२. महिना आणि तास ठरवा

इथला उन्हाळा म्हणजे धुक्याचा मोसम. जून, जुलै, ऑगस्ट. शाळेच्या सुट्ट्या तेव्हाच, त्यामुळे बहुतेक लोक नेमके तेव्हाच येतात.

कारण समजून घेतलंत तर अंदाज बांधता येतो. उन्हाळ्यात इथल्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या खोलातलं गार पाणी वर येतं. प्रशांत महासागरावरून येणारी दमट हवा त्या गार पाण्यावरून सरकते आणि तिचं धुकं होतं. त्याच वेळी आत, डोंगरांपलीकडची सेंट्रल व्हॅली तापलेली असते. तिथली गरम हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत ओढली जाते. किनाऱ्याच्या डोंगररांगेत आत शिरायला समुद्रसपाटीची मोठी फट एकच, ती म्हणजे ही सामुद्रधुनी. थोडक्यात, आपला पूल धुक्याच्या दारातच उभा आहे. म्हणून शहरात इतरत्र लख्ख ऊन असतानाही पुलावर काही दिसत नाही असं सर्रास होतं. इथले लोक त्या धुक्याला "कार्ल" म्हणतात, आणि घरातल्या एखाद्या लहरी काकांबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलतात.

उन्हाळ्यात धुकं साधारणपणे संध्याकाळी आत येतं, रात्रभर मुक्काम करतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारकडे मागे सरतं. तेव्हा सकाळी लवकर उठून जाण्याचा आपला नेहमीचा शहाणपणा इथे उलटा पडतो. जुलैत जायचंच असेल तर दुपारी बारा ते चार ही वेळ ठेवा. स्वच्छ आकाश हवं असेल तर सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे सगळ्यात भरवशाचे महिने. हिवाळ्यात पाऊस असतो, पण पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस असा काही धुतलेला असतो की मला तो ऑक्टोबरपेक्षाही आवडतो.

निघण्याआधी पुलाच्या परिसरातला एखादा थेट कॅमेरा ऑनलाइन बघा. असे बरेच आहेत. हवामानाच्या ॲपवर विसंबू नका. ते शहराचं सांगतं, पुलाचं नाही.

३. सूर्य कुठे असेल ते बघा

पूल साधारण दक्षिणोत्तर आहे. दक्षिणेला सॅन फ्रान्सिस्को, उत्तरेला मरीन काउंटीच्या टेकड्या. पश्चिमेला खुला महासागर, पूर्वेला उपसागर आणि शहर.

म्हणजे सकाळी ऊन पुलाच्या पूर्वेकडच्या अंगावर पडतं, तेव्हा पूर्वेच्या किनाऱ्यावरून, क्रिसी फील्डकडून, रंग छान उठतो. दुपारनंतर ऊन पश्चिमेच्या अंगावर येतं, तेव्हा बेकर बीच, मार्शल बीच आणि उत्तरेची बॅटरी स्पेन्सर या जागा कामाच्या. उलट केलंत तर पूल काळपट छायाकृतीसारखा येतो. तीही वाईट नसते, पण घरी पाठवायच्या फोटोत शेंदरी रंगच हवा असतो ना.

४. कागदपत्रं आणि सामान

पूल पायी ओलांडायला तिकीट नाही, परवाना नाही. आजूबाजूच्या टेकड्या आणि किनारे राष्ट्रीय उद्यान विभागाच्या गोल्डन गेट नॅशनल रिक्रिएशन एरियात येतात. मी खाली सांगितलेल्या जागांना प्रवेशशुल्क नाही. तरी हे जवळ ठेवा:

- गाडी भाड्याने घेणार असाल तर मूळ वाहन परवाना, पासपोर्ट आणि चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. पर्यटकाला मायदेशाच्या वैध परवान्यावर कॅलिफोर्नियात गाडी चालवता येते, पण आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असला की काउंटरवर वाद होत नाही. तो भारतातून निघण्याआधी आरटीओतूनच काढावा लागतो, इथे आल्यावर नाही.
- सायकल भाड्याने घ्यायची असेल तर ओळखपत्र आणि कार्ड.
- बससाठी क्लिपर कार्ड, किंवा फोनमध्ये त्याचं ॲप.
- वारा अडवणारं जाकीट, कान झाकणारी टोपी. ऑगस्टमध्येसुद्धा. ऑगस्टमध्ये तर नक्कीच.
- लेन्स पुसायला दोन मऊ फडकी. एक ओलं होतंच.
- जास्तीची बॅटरी. गार वाऱ्यात फोनसुद्धा लवकर मान टाकतो.

साडी नेसणाऱ्या बायकांना खास सूचना: पुलावरचा वारा पदराला जुमानत नाही. भरपूर पिना लावा किंवा त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस घाला. सासूबाईंनी दुसऱ्या वेळी नऊवारीचा बेत केला होता. मी हात जोडले.

५. पोहोचायचं कसं, आणि टोलची गंमत

शहरातून जायला सगळ्यात सोपी म्युनीची, म्हणजे शहर बससेवेची, २८ क्रमांकाची बस. ती पुलाच्या दक्षिण टोकाला, वेलकम सेंटर या पर्यटक केंद्राजवळच सोडते. शहराच्या मध्यभागातून गोल्डन गेट ट्रान्झिटच्या बसही येतात. दक्षिणेचा वाहनतळ लहान आणि पैसे भरायचा आहे. शनिवार-रविवारी तिथे जागा शोधण्यात जो वेळ जातो त्यात अर्धा पूल चालून होतो.

गाडीने जाणार असाल तर टोल नीट समजून घ्या. उत्तरेकडे जाताना टोल नाही. शहराकडे, म्हणजे दक्षिणेकडे परत येताना आहे, साधारण दहा डॉलरच्या आसपास. २०१३ पासून तिथे रोख घेणारं कुणीही बसत नाही. कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि गाडी न थांबता पुढे जाते.

पहिल्यांदा आलो तेव्हा आम्हाला वाटलं, पैसे मागायला कुणी आलं नाही म्हणजे फुकट असेल. नवरा तर खूषच झाला. तीन आठवड्यांनी गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने आमच्या कार्डावरून टोल कापला, आणि त्याच्या जोडीला "सेवाशुल्क" म्हणून टोलपेक्षा जास्त रक्कम. गाडी त्यांच्या नावावर, बिल त्यांच्याकडे गेलं, आणि करारपत्राच्या मागच्या पानावर हे सगळं बारीक अक्षरांत लिहिलेलंच होतं. भांडायला जागाच नव्हती.

यावर उपाय दोन. गाडी घेतानाच काउंटरवर स्पष्ट विचारा: "टोलचं काय? रोज किती लावता?" काही ठिकाणी एकदा टोल लागला की भाड्याच्या सगळ्या दिवसांचं शुल्क लागतं. नाहीतर टोलच्या अधिकृत संकेतस्थळावर नंबरप्लेट टाकून एका फेरीचे पैसे स्वतः भरा. आधी भरता येतात, किंवा पूल ओलांडल्यापासून ४८ तासांच्या आत. पावती जपून ठेवा.

६. पुलावर चालताना

पायी चालणाऱ्यांसाठी फक्त पूर्वेचा पदपथ आहे, म्हणजे उपसागराच्या आणि शहराच्या बाजूचा. महासागराकडच्या, पश्चिमेच्या बाजूला पादचाऱ्यांना मनाई. तिथे ठराविक वेळांना सायकली जातात. पदपथ पहाटे पाचला उघडतो. बंद व्हायची वेळ घड्याळाच्या बदलावर आहे: मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत रात्री नऊ, हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहा. त्यामुळे पुलावर उभं राहून रात्रीचे फोटो काढायचा बेत असेल तर विसरा.

पूल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २.७ किलोमीटर. रमतगमत एका बाजूला पाऊण ते एक तास. परत यायचं आहे हे लक्षात ठेवा, कारण उत्तरेला पोहोचल्यावर सगळ्यांनाच वाटतं की इथून काहीतरी मिळेल. वयस्कर मंडळी सोबत असतील तर दक्षिणेच्या मनोऱ्यापर्यंत जाऊन परत या. तेवढ्यात पुलाचा सगळा अनुभव मिळतो: मनोऱ्याच्या बुंध्याला वळसा घालणारा पदपथ, डोक्यावर जाणारी जाडजूड केबल, ट्रक गेला की पायाखाली जाणवणारी थरथर.

तीन सूचना इथेच.

सायकलवाल्यांपासून सावध. पूर्वेच्या पदपथावर सायकली आणि माणसं एकत्र असतात तेव्हा फोटोसाठी एकदम मागे सरकू नका. एकदा असंच करताना घंटी आणि शिवी मला एकाच वेळी ऐकू आली.

पुलावरून काहीही खाली टाकायला कायद्याने बंदी आहे. खालून जहाजं जातात, मच्छीमार, पालाच्या होड्या जातात, आणि ६७ मीटरवरून पडलेलं नाणं लहान राहत नाही. हे सांगायचं कारण, मोठं पाणी दिसलं की आपल्या ज्येष्ठांचा हात बटव्याकडे जातो. सासूबाईंच्या मुठीत रुपयाचं नाणं तयार होतं, डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. मी हळूच ते काढून घेतलं. नंतर खाली क्रिसी फील्डच्या वाळूत उभं राहून त्यांनी पाण्याला नुसता नमस्कार केला. त्याला कुणाची हरकत नाही.

कठड्याखाली दोन्ही बाजूंना पोलादी जाळं दिसेल. लोकांनी जीव देऊ नये म्हणून ते लावलं आहे, २०२४ च्या सुरुवातीला पूर्ण झालं. जागोजागी मदतीचे फोनही आहेत. पूल बांधतानाही मजुरांसाठी खाली जाळं होतं आणि त्याने १९ जण वाचवले. पण फेब्रुवारी १९३७ मध्ये एक मचाण कोसळून जाळं फाटलं आणि दहा जण गेले. फोटोपुरतं बोलायचं तर कठड्यावरून वाकून खालचा फोटो काढायला गेलात की हे जाळं फ्रेममध्ये येतं. वाकू नका, उलट खाली बसा आणि वर बघा.

वर बघून काढलेले फोटोच पुलावरून चांगले येतात. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून सरळ वर. दोन उभ्या दोऱ्यांमधून दिसणारं शहर. किंवा रंगाच्या थरांखाली दिसणारी रिव्हेटची रांग, अगदी जवळून. ट्रायपॉड इथे निरुपयोगी, कारण खालची जमीनच हलत असते.

७. फोटो कुठून काढायचे

आता मुख्य मुद्दा. सगळ्या जागा एका दिवसात करायच्या म्हटलं तर दिवस वाहनतळ शोधण्यात जातो. दोन निवडा.

बॅटरी स्पेन्सर. उत्तर टोकाच्या टेकडीवरचा जुना लष्करी तोफखाना. कॅलेंडरवरचा फोटो तो हाच: जवळ उत्तरेचा मनोरा, मागे दक्षिणेचा, आणि त्यामागे शहर. दुपारनंतर ते सूर्यास्तापर्यंत उत्तम. शहराकडून येताना पूल ओलांडल्यावर अलेक्झांडर ॲव्हेन्यूचा फाटा घ्यायचा, महामार्गाखालून पलीकडे जायचं आणि काँझेलमन रोडने वर चढायचं. पूल संपताच पहिला फाटा व्हिस्टा पॉइंटचा लागतो. नवखे लोक घाईत तिथेच वळतात. तिथूनही दृश्य छान आहे, पण तो रस्ता पुन्हा महामार्गावर उत्तरेकडेच सोडतो आणि वळून येण्यात वेळ जातो. बॅटरी स्पेन्सरचा वाहनतळ अगदी लहान आहे, आणि दुरुस्तीसाठी ही जागा बंद ठेवल्याचंही होतं. निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. टॅक्सीने गेलात तर परतीची टॅक्सी वर यायला तयार होईलच असं नाही, ती सोय आधी करा.

हॉक हिल. त्याच रस्त्याने आणखी वर, सुमारे २८० मीटर उंचीवर. खाली धुकं दाटलेलं असेल आणि इथे ऊन असेल, तर नशीब काढलंत. मनोऱ्यांची फक्त टोकं दुधातून वर आलेली दिसतात. लांबची लेन्स इथे हवी, ७०-२०० मिलिमीटरची असेल तर तीच; त्यामुळे मागचं शहर मनोऱ्यांच्या अगदी पाठीशी आल्यासारखं दिसतं. शरद ऋतूत ससाणे, गरुड असे शिकारी पक्षी इथून स्थलांतर करतात, तेव्हा दुर्बिणीवाल्यांची गर्दी असते. एक सापळा: हॉक हिलच्या पुढे रस्ता एकेरी होतो आणि समुद्राच्या कड्याला धरून तीव्र उताराने खाली जातो. दृश्य अफाट, पण मागे फिरता येत नाही. खालून बंकर रोडने परत यावं लागतं, आणि वाटेत एकेरी बोगदा आहे. त्यातून आळीपाळीने गाड्या सोडतात, तेव्हा सिग्नलला पाच मिनिटं थांबायची तयारी ठेवा.

क्रिसी फील्ड आणि टॉर्पेडो व्हार्फ. पूर्वेचा, शहराच्या बाजूचा सपाट किनारा. आई-बाबांसाठी, लहान मुलांसाठी, गुडघेदुखीवाल्यांसाठी हीच जागा. चढ नाही, बाकं आहेत, स्वच्छतागृह आहे. सकाळी, धुकं नसेल तेव्हा, पुलावर समोरून ऊन असतं. उन्हाळ्यात सूर्य साधारण पुलामागे मावळतो. व्हार्फच्या धक्क्यावर लोक खेकडे पकडायला जाळी टाकून बसलेले असतात. धक्का आणि त्यामागे पूल अशी फ्रेम माझ्या आवडीची.

फोर्ट पॉइंट. दक्षिण टोकाला, थेट पुलाखाली उभा असलेला विटांचा किल्ला. १८५३ ते १८६१ मध्ये बांधलेला. पूल बांधताना तो पाडायचा नाही असं ठरवून स्ट्रॉस यांनी त्याच्यावरून खास पोलादी कमान नेली. ती कमान खालून टिपण्यासारखी आहे. किल्ला आठवड्यातले काहीच दिवस उघडा असतो, पण बाहेरच्या भिंतीपर्यंत केव्हाही जाता येतं. भरतीच्या वेळी लाटा भिंतीवरून उसळतात. कॅमेऱ्याच्या नादात माझे बूट दोनदा भिजले आहेत.

बेकर बीच आणि मार्शल बीच. पश्चिमेकडचे वाळूचे किनारे, संध्याकाळच्या सोनेरी उन्हासाठी सगळ्यात सुंदर. मार्शल बीचला पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि खडकांमुळे फोटोला पुढचा भाग छान मिळतो. पाण्यात जाऊ नका, ओढ फार जोरकस आहे. आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. बेकर बीचचं उत्तर टोक पुलाच्या जवळ म्हणून फोटोला चांगलं, पण तिथे लोक अंगावर एकही कपडा न घालता ऊन खात पडलेले असतात. तसा तिथे रिवाजच आहे. मार्शल बीचवरही तेच. मी सासरेबुवांना घेऊन ऐटीत निघाले होते. शंभरेक पावलांनंतर ते म्हणाले, "इथूनच पूल चांगला दिसतोय," आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. मंडळी सोबत असतील तर वाहनतळाजवळच्या दक्षिण बाजूलाच थांबा.

लँड्स एंडची पायवाट आणि पुलाखालून जाणाऱ्या बोटी याही आहेत. दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

ड्रोन आणला असेल तर तो हॉटेलवर राहू दे. पुलावर आणि भोवतालच्या उद्यानात उडवायला बंदी आहे. लग्नाआधीचं चित्रण करायचं असेल, फोटोग्राफर, दिवे, कपड्यांच्या बॅगा असा लवाजमा असेल, तर परवानगीची चौकशी आधी करा; पुलाचा विभाग वेगळा, उद्यानाचा वेगळा.

८. कॅमेऱ्यात काय बदलायचं

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. एवढा शेंदरी रंग समोर असला की कॅमेरा तो "सुधारायला" जातो आणि पूल तपकिरी येतो. "डेलाइट" वर ठेवा.

धुक्यात कॅमेऱ्याला वाटतं प्रकाश खूप आहे, म्हणून तो फोटो गडद, राखाडी करतो. एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा. फोनवर पडद्यावर बोट ठेवून छोटा सूर्य वर सरकवला की तेच होतं.

रात्री, बॅटरी स्पेन्सरवरून, ट्रायपॉड लावून छिद्र एफ/८, आयएसओ १००, शटर पंधरा ते तीस सेकंद. गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा पुलावर ओढल्या जातात. वारा असेल तर ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवू नका आणि पिशवी मधल्या आकड्याला टांगा. फोनवाल्यांनी नाइट मोड लावून कठड्यावर टेकवून धरावा.

लेन्स दर दहा मिनिटांनी पुसा. खारा तुषार दिसत नाही; घरी गेल्यावर मोठ्या पडद्यावर दिसतो.

९. गाडीत काहीही ठेवू नका

पुलाच्या आसपासचे वाहनतळ हे काचा फोडणाऱ्यांचे आवडते ठिकाण आहे. जमिनीवर निळसर काचेचा चुरा दिसला की समजायचं. पाच मिनिटांत येतो म्हणून मागच्या सीटवर ठेवलेली एक रिकामी पिशवी, फक्त पिशवी, आमच्या एका पाहुण्यांना महागात पडली. सामान डिकीत टाकायचं असेल तर निघायच्या ठिकाणीच टाका, वाहनतळावर पोचल्यावर सगळ्यांसमक्ष नको. पासपोर्ट असलेली बॅग विमानतळावरून थेट पुलावर नेऊ नका. आधी मुक्कामाला जा.

१०. आणि धुकं उठलंच नाही तर

होतं असं. तेव्हा गाडीत बसून चिडचिड करू नका. वेलकम सेंटरच्या अंगणात मुख्य केबलचा कापलेला तुकडा मांडला आहे. हात लावून बघा: जवळजवळ एक मीटर व्यास, आत २७,५७२ तारा, प्रत्येक तार पेन्सिलपेक्षाही बारीक. मुलांना हा तुकडा पुलापेक्षा जास्त आवडतो.

मग पदपथावर शे-दोनशे पावलं चाला. मनोरा वरून हळूहळू नाहीसा होत जातो, तो फोटो स्वच्छ आकाशात मिळत नाही. समोरून येणारा माणूस आधी राखाडी, मग रंगीत होतो, तोही. जोराचा वारा असेल तर पूल कधीकधी गुणगुणतो. २०२० मध्ये पश्चिमेच्या कठड्याला वारा सोडण्यासाठी बारीक पट्ट्या बसवल्या, तेव्हापासून हे सुरू झालं.

आणि भोंगे. दक्षिणेच्या मनोऱ्यावर एक आणि पुलाच्या मध्यावर एक, दोघांचे सूर वेगळे. दाट धुक्यात ते ठरलेल्या अंतराने वाजत राहतात. त्या पहिल्या सकाळी सासूबाईंनी पूल न दिसल्याबद्दलची तक्रार थांबवून एकदम विचारलं होतं, "हे कोण हंबरतंय गं?" मी फोन काढून आवाज रेकॉर्ड केला. पुढे ऑक्टोबरमध्ये क्रिसी फील्डवरून त्यांचा पुलासकट चांगला फोटो निघाला, तो दिवाणखान्यात लावलाय. पण पाहुणे आले की त्या आधी फोन मागतात आणि भोंगा ऐकवतात.